ड्रॅकोलिच दोन राउंडमध्ये मरतोय, काय करू?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचा खेळ चालवणाऱ्या एका डीएमचा, म्हणजे कथा आणि खलनायक सांभाळणाऱ्याचा, प्रश्न थोडक्यात असा आला: "दादा, दीड वर्ष चाललेली कॅम्पेन संपत आलीये. शेवटचा खलनायक अ‍ॅडल्ट ब्लू ड्रॅकोलिच, म्हणजे मरूनही जादूने चालता राहिलेला निळा ड्रॅगन. पार्टीत (खेळाडूंच्या चमूत) पाच जण, सगळे तेराव्या लेव्हलचे: फायटर (लढवय्या), पॅलाडिन (धर्मयोद्धा), रोग (rogue, चोरटा), क्लेरिक (पुजारी), विझर्ड (जादूगार). मागच्या महिन्यात यांनी एका भल्यामोठ्या राक्षसाला दीड राउंडमध्ये आडवं केलं. ड्रॅगनचंही तेच होणार असं दिसतंय. हिट पॉइंट (किती मार खाऊन तो टिकतो तो आकडा) दुप्पट करू का? टर्न अनडेड (क्लेरिकने मेलेल्यांना पळवून लावणं) आणि स्माइट (पॅलाडिनचा दैवी जादा मार) याच्यावर चालत नाहीत असं सरळ जाहीर करू का?"

दोन्ही करू नकोस. पहिल्याने लढत लांबते, कठीण होत नाही. दुसऱ्याने दोन खेळाडू दुखावतात, आणि तेही दीड वर्ष ज्या क्षणाची वाट बघत होते त्याच क्षणी. पण तुझी भीती खरी आहे, म्हणून आधी हिशेब करू.

मी डी अँड डीची पाचवी आवृत्ती आणि २०१४चं मॉन्स्टर मॅन्युअल धरून बोलतोय. त्यातला अ‍ॅडल्ट ब्लू ड्रॅकोलिच म्हणजे आर्मर क्लास १९ (वार लागायला फासा आणि बोनस मिळून एवढं व्हावं लागतं), हिट पॉइंट २२५, चॅलेंज रेटिंग (किती अवघड त्याचा आकडा) १७. आता तुझा फायटर. स्ट्रेंथ २०, हातात प्लस वन ग्रेटसोर्ड असं समज. त्याला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) ८ पुरतात, म्हणजे शंभरात ६५ वार लागतात. एका वाराचे सरासरी १३. अ‍ॅक्शन सर्ज (एकाच टर्नमध्ये दुप्पट वार) वापरला की सहा वार, म्हणजे ५०. पॅलाडिन तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (दिवसाला मोजकेच मिळणारे जादूचे साठे) जाळून स्माइट करतो: चार डी८, आणि समोरचा अनडेड म्हणून वर आणखी एक. तलवार धरून एका वाराचे ४०च्या आसपास, दोन वारांचा न लागण्याचा हिशेब धरून पुन्हा ५०. रोगचा स्नीक अटॅक सात डी६, अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून वरचा घेणं) मिळालं तर राउंडला ३०. क्लेरिक आणि विझर्ड मिळून ३५ धर. पहिल्या राउंडची बेरीज १६५. दुसऱ्यात अ‍ॅक्शन सर्ज नाही, तरी १४०. म्हणजे दोन राउंडमध्ये ३०५, आणि ड्रॅगनकडे आहेत २२५. त्याचा दुसरा टर्न येईल की नाही हे इनिशिएटिव्हच्या, म्हणजे कोण आधी हे ठरवणाऱ्या, फाशावर.

तक्ताही हेच सांगतो. तेराव्या लेव्हलच्या पाच जणांसाठी 'हार्ड' लढतीची पायरी १७,००० एक्सपी (अनुभवाचे गुण), 'डेडली'ची २५,५००. ड्रॅकोलिच १८,०००चा. म्हणजे पुस्तकाच्या मते हा जेमतेम हार्ड. आणि ते गणितही असं गृहीत धरतं की पार्टी दिवसभरात सहा ते आठ लढती खेळते. आपल्यापैकी कोण खेळतं? रविवारी पाच जण एका ठिकाणी येणं हीच आधी कसरत. आपण एक मोठी लढत ठेवतो, पार्टी झोपून, खाऊन, ताजीतवानी येते आणि सगळं एकाच माणसावर रिकामं करते.

खरा दोष तो आहे. तुझा ड्रॅगन कमकुवत नाही, तुझी पार्टी ताजी आहे.

हिट पॉइंटचं एवढंच कर: बारा बाजूंचे १८ फासे अधिक १०८ असा त्याचा हिशेब आहे. सरासरी २२५, कमाल ३२४. कमाल घे. नियमात बसतं, आणि वरच्या हिशेबाने तो तिसऱ्या राउंडला जेमतेम जिवंत पोचतो (जिवंत म्हणजे आपलं ते... असो). ४५० केलेस तर चौथा राउंड येईल. माझ्या टेबलावर या लेव्हलला एक राउंड पंचवीस मिनिटं खातो. त्या जादा वेळात नवं काही घडत नाही, फक्त "लागला, तेरा, लागला, अकरा" ऐकू येतं.

आता मूळ मुद्दा. अनडेड झाल्याने ड्रॅगनला आकड्यांत फार काही मिळत नाही. नेक्रॉटिकला रेझिस्टन्स, विषाला इम्युनिटी, भीती, मोह, पॅरालिसिस नाही, आणि मॅजिक रेझिस्टन्स, म्हणजे जादू सहज न लागणं. खरी कमाई दुसरीकडे आहे: त्याला खायला, प्यायला, झोपायला, श्वास घ्यायला लागत नाही, आणि त्याचा आत्मा जिथे परततो ते रत्न शाबूत असेल तोवर मरण त्याला स्वस्त आहे. जिवंत ड्रॅगनला गुहेतल्या सोन्याची काळजी, पोटाची काळजी, जिवाची काळजी. मेलेल्याकडे वेळच वेळ आहे. पार्टीकडे मात्र एक लाँग रेस्ट (रात्रभराची झोप, जिने ताकद आणि स्लॉट परत भरतात) ते दुसरी लाँग रेस्ट एवढाच एक चांगला दिवस असतो. तो दिवस खा. बाकी सगळं यातून आपोआप निघतं.

म्हणजे कसं ते सांगतो. नवख्या डीएमला पहिल्यांदा सुचतं ते रात्री हल्ला करून झोपमोड करणं. २०१४च्या नियमात दहा मिनिटांच्या चकमकीने लाँग रेस्ट मोडत नाही, आणि रेस्टमध्ये खर्च झालेले स्लॉट सकाळी परत भरतात. तू नुसती खेळाडूंची चिडचिड विकत घेतोस. ड्रॅगनने यायचं ते सकाळी, सामान बांधून निघाल्यावर तासाभराने. चोवीस तासांत एकदाच लाँग रेस्टचा लाभ मिळतो, त्यामुळे सकाळी आठला गेलेला स्लॉट दिवसभर गेलेलाच राहतो.

पहिली भेट: वाळूतून. ब्लू ड्रॅकोलिचला ३० फुटांचा बरो स्पीड (जमिनीखालून जायचा वेग) आहे आणि श्वास लागत नाही, म्हणजे तो तीन दिवस वाळूखाली पडून राहू शकतो. वर येतो, वीज ओकतो, पॅलाडिनचे दोन स्माइट अंगावर घेतो, आणि पुन्हा खाली. लढत दोन राउंड. पार्टीला वाटतं जिंकलो. दुसरी भेट दुपारी, आणि तीही पार्टीवर नाही: पूल, घोडे, वाटाड्याची होडी. त्याने फक्त अंतर वाढवायचं आणि एकदोन स्पेल काढून घ्यायचे. तिसऱ्या भेटीला पार्टी त्याच्या दारात पोचते, तेव्हा तुझ्या पॅलाडिनकडे तिसऱ्या लेव्हलचा एखादा स्लॉट उरलेला असतो आणि अ‍ॅक्शन सर्ज दुपारीच गेलेला. वरची १६५ची बेरीज आता पुन्हा कर. बरीच खाली येईल.

"मग ते मागे फिरतील आणि झोपून येतील," असं तू म्हणशील. फिरू दे. इथे मी ड्रॅगनच्या पोतडीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट काढतो. त्याच मॅन्युअलमध्ये एक ऐच्छिक नियम आहे: ड्रॅगन उपजत स्पेल टाकू शकतो, करिश्मा मॉडिफायरइतके, प्रत्येक दिवसातून एकदा, आणि लेव्हल चॅलेंज रेटिंगच्या एकतृतीयांशापर्यंत. आपल्या ड्रॅकोलिचचा करिश्मा १९, म्हणजे चार स्पेल. रेटिंग १७, म्हणजे पाचव्या लेव्हलपर्यंत. बहुतेक डीएम इथे काहीतरी धडाम् आवाजाचं घेतात. मी 'ड्रीम' घेतो.

'ड्रीम' म्हणजे झोपलेल्या माणसाच्या स्वप्नात शिरायचं. शिरणाऱ्याने भयंकर रूप घेतलं तर झोपलेल्याला विझडम सेव्ह (परिणाम टाळण्यासाठीचा फासा), आणि तो चुकला तर त्या रात्रीच्या विश्रांतीचा काहीही लाभ नाही, वर तीन डी६ सायकिक डॅमेज. स्वप्नात शिरणाऱ्याला आठ तास समाधी लावून पडावं लागतं. ज्याला झोपच लागत नाही, त्याला आठ तासांचं काय? लक्ष्याचा केस किंवा नखाचा तुकडा हाताशी असेल तर सेव्ह डिसअ‍ॅडव्हांटेजने. आता तुझा पॅलाडिन बघ. जागेपणी त्याचा ऑरा ऑफ प्रोटेक्शन सेव्हला मजबूत आधार देतो, पण तो ऑरा शुद्धीत असतानाच चालतो. झोपेत बंद. विझडम १० धरलं तर उरतो प्लस पाच, समोर डीसी (गाठायचा आकडा) १८. डी२०वर तेरा हवेत, म्हणजे शंभरात ४०. केस असेल तर १६.

केस कुठून आला, हीच तुझी एक सेशन. माझ्या कॅम्पेनमध्ये सराईत झाडलोट करणारी एक म्हातारी होती. ती खोल्या आवरायची, खेळाडूंना गरम पाणी आणून द्यायची, आणि कंगव्यातला गुंता पदराला बांधून घेऊन जायची. मी हे वर्णन तीनदा केलं. तिसऱ्यांदा विझर्ड खेळणाऱ्याने मान वर केली: "एक मिनिट. ती केस का गोळा करतेय?" टेबलावर जी शांतता पसरली ती मला कुठल्याही आकड्याने मिळाली नसती. खबरदारी एवढीच, की असा सुगावा आधी द्यायचाच. नाही दिलास तर तो डीएमचा खोडसाळपणा ठरतो.

यावर उतारा आहे आणि तो खेळाडूंना सापडू द्यावा. विझर्ड 'टायनी हट' टाकेल. त्या घुमटातून स्पेल आत जात नाहीत, म्हणजे स्वप्नही नाही. शाबास. म्हणून ड्रॅगनचा दुसरा स्पेल 'डिस्पेल मॅजिक'. घुमट पडतो, पण त्यासाठी त्याला स्वतः जवळ यावं लागतं, आणि तेव्हा तो त्यांच्या टप्प्यात येतो. हा खरा उंदीर-मांजराचा खेळ. तिसरा स्पेल 'काउंटरस्पेल'. चौथा 'वॉल ऑफ फोर्स', आणि तो एकदाच, शेवटच्या लढतीत, क्लेरिक भिंतीच्या एका बाजूला आणि पॅलाडिन दुसऱ्या बाजूला राहील असा. हा चौथा दुष्ट आहे, कबूल. एल्फ खेळाडू असेल तर त्याच्यावर 'ड्रीम' चालायचं नाही, तो झोपतच नाही, आणि हे त्या खेळाडूच्या लक्षात आलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रत्यक्ष लढतीबद्दल थोडं. श्वासाचे, म्हणजे ओकलेल्या विजेचे, फासे वाढवू नकोस. बारा डी१० म्हणजे सरासरी ६६. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या तेराव्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट सरासरीने ८० येतात. एका श्वासानंतर त्याच्याकडे १४ उरतात. आणखी काय हवं? फक्त प्रकार बदल: निम्मी वीज, निम्मं नेक्रॉटिक. पार्टी विजेविरुद्ध 'प्रोटेक्शन फ्रॉम एनर्जी' टाकून येणार, कारण ड्रॅगन निळा आहे हे त्यांना पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. त्यांची तयारी वाया जाऊ नये, पण पूर्ण पुरूही नये. आणि ब्लूचा श्वास ९० फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी रेघ असते, शंकू नव्हे. मोकळ्या मैदानात वरून टाकली तर एखादाच सापडतो. अरुंद जिना, बोळ, पुलाचा कठडा अशा जागी लढत लाव, म्हणजे पार्टी आपोआप रेघेत उभी राहते.

विंग अटॅक विसरला जातो, फार विसरला जातो. दोन लेजंडरी अ‍ॅक्शन खर्चून तो पंख आपटतो, दहा फुटांतल्यांना सेव्ह नाहीतर खाली पाडतो, आणि मग उडण्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ४० फूट, निघून जातो. हे दुसऱ्याच्या टर्नच्या शेवटी घडतं. फायटरचे वार संपले की लगेच. आता पॅलाडिनचा टर्न, आणि ड्रॅगन चाळीस फूट वर. पॅलाडिन भाला शोधतोय. मी एकदा नुसतं एवढंच वापरून, बाकी ड्रॅगनला हात न लावता, दोन राउंडची लढत पाच राउंडवर नेली होती. त्यासाठी छत उंच हवं. साठ फुटांच्या गुहेत ड्रॅगन ठेवणं म्हणजे त्याला कोंबडीच्या खुराड्यात ठेवणं.

तेराव्या लेव्हलला विझर्डला पहिल्यांदा सातव्या लेव्हलचा स्लॉट मिळतो, म्हणजे 'फोर्सकेज' (जादूचा पिंजरा). त्याला सेव्ह नाही, त्यामुळे लेजंडरी रेझिस्टन्स (दिवसातून तीनदा चुकलेला सेव्ह बरोबर करून घेणं) कामाचा नाही, आणि डिस्पेलनेही तो जात नाही. पण घाबरू नकोस. बंद पेटी दहा फुटांची असते, त्यात ह्यूज ड्रॅगन मावत नाही. मावतो तो वीस फुटी पिंजऱ्यात, ज्याच्या गजांमध्ये अर्ध्या इंचाची फट असते. त्या फटीतून तलवार आत जात नाही, वीज बाहेर येते.

आता टर्न अनडेड. एक गैरसमज आधी काढून टाकतो: ड्रॅकोलिच भीतीला इम्यून आहे म्हणून टर्न लागत नाही, असं नाही. टर्न ही 'फ्राइटन्ड' कंडिशन नव्हेच, तो स्वतंत्र परिणाम आहे. लागतो. विझडम सेव्हला त्याचे प्लस आठ, मॅजिक रेझिस्टन्समुळे अ‍ॅडव्हांटेज. क्लेरिकचा डीसी १८ धरला तर पाचातून एकदा चुकतो. आणि चुकला की लेजंडरी रेझिस्टन्स वापरून "नाही, झाला सेव्ह" म्हणायचं. इथेच खेळाडूचा विरस होतो. त्याने नेम धरून मारलेलं तू एका वाक्यात पुसून टाकतोस.

म्हणून मी घरचा एक नियम चालवतो. टेबलावर, माझ्या पडद्याच्या पुढे, तीन पांढरे खडू आडवे ठेवतो. हे ड्रॅगनचे तीन लेजंडरी रेझिस्टन्स. तो वापरला की मी खडू उचलून सगळ्यांसमोर मोडतो. कट्. पहिला खडू म्हणजे पंखाचं हाड: उडण्याचा वेग ८०वरून ४०. दुसरा म्हणजे बरगड्या: आर्मर क्लास १९वरून १७. तिसरा जबडा: श्वासाचे फासे निम्मे. आकड्यांत बघशील तर मी ड्रॅगन कमजोर केला. पण आता क्लेरिकची चॅनल डिव्हिनिटी (जिच्यातून टर्न अनडेड निघतो) कधीच फुकट जात नाही. एकतर ड्रॅगन पळतो, नाहीतर त्याचं काहीतरी तुटतं. त्या खडूचा आवाज ऐकायला माझ्या टेबलावरचे लोक ड्रॅगनचे हिट पॉइंट विचारायचं विसरतात. स्माइटचंही तसंच. अनडेडवर जादा डी८ मिळणं हा पॅलाडिनचा हक्क आहे. तो दिवसभरात तीन ठिकाणी खर्च करायला लाव, पण हिरावून घेऊ नकोस.

एवढं करूनही तो मरेल. मरू दे. पुस्तकातला नियम असा: शरीर नष्ट झालं की आत्मा रत्नात परततो, दोन्ही एकाच प्लेनवर (विश्वात) असतील तर. ते रत्न दुसऱ्या ड्रॅगनच्या प्रेताला टेकलं की त्या प्रेतात शिरून तो पुन्हा ड्रॅकोलिच. आयत्या बिळावर नागोबा. ही कल्पना जुनी आहे. एड ग्रीनवूड यांनी जून १९८६च्या ड्रॅगन मासिकात, ११०व्या अंकात, कल्ट ऑफ द ड्रॅगन या ड्रॅगनपूजक पंथाबद्दल लिहिताना ड्रॅकोलिच पहिल्यांदा आणला. त्या काळच्या नियमांत सरपटणाऱ्या प्राण्याचं प्रेतही चालायचं. मगर असो, घोरपडीसारखा मोठा सरडा असो, त्यात शिरलेल्या अर्धवट रूपाला प्रोटो-ड्रॅकोलिच म्हणायचे, आणि ते आपल्याच मूळ देहाचा काही भाग खाऊन पुन्हा पूर्ण होत असे. मला हे हल्लीच्या नियमापेक्षा जास्त आवडतं. गुडघ्याएवढी घोरपड रात्री येऊन हाडांचा ढीग कुरतडतेय, आणि पार्टी खजिना मोजण्यात दंग. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण तुझ्या टेबलावर कोणालाच माहीत नसणार. वापर.

आणि प्रेत कुठलं, याचं उत्तर तुझ्या वहीत आधीच आहे. दीड वर्षात या पार्टीने एखादा तरी ड्रॅगन मारून तसाच सोडला असेल. दात काढले असतील, खवले विकले असतील, बाकीचा देह डोंगरात कुजायला टाकून पुढे गेले असतील. तेच नवं शरीर. खेळाडूंनी स्वतः मारलेला, स्वतः नावं ठेवलेला पांढरा ड्रॅगन पाच महिन्यांनी उठून येतो, आणि त्याच्या तोंडून निळ्याचा आवाज येतो. शरीर दुबळं, मेंदू तोच. तो लढणार नाही, लपेल. यासाठी एक माणूस लागतो, रत्न उचलून तिथवर नेणारा. कंगवा झाडणारी म्हातारी आठवतेय ना?

रत्न कुठे ठेवावं याचं माझं मत ठाम आहे: ड्रॅगनच्या गुहेत नाही, आणि सात कुलपांच्या तिजोरीतही नाही. जिथून ते काढलं की तिऱ्हाईताचं नुकसान होईल अशा ठिकाणी ठेव. मी एका दीपगृहाच्या दिव्यात ठेवलं होतं. रत्नाच्या उजेडावर दोनशे वर्षं गलबतं बंदरात येत होती, गावाला ते ड्रॅगनचं आहे हे माहीतही नव्हतं. पार्टीने ते काढलं त्याच रात्री एक जहाज खडकावर गेलं. "आम्ही केलं का हे?" असं पॅलाडिन खेळणाऱ्याने विचारलं, आणि मी उत्तर न देता चहा ओतत बसलो.

रत्न हाती आलं की खेळाडू पहिल्यांदा काय करतात ते सांगतो, कारण तुझेही तेच करणार. ते बॅग ऑफ होल्डिंगमध्ये (बाहेरून लहान, आतून मोठी जादूची पिशवी) टाकतात. आणि मग ऐन लढतीत विझर्ड विचारतो, "बॅगच्या आतली जागा म्हणजे वेगळी प्लेनच ना? मग आता याला मारला की कायमचा मेला?" याचं उत्तर घरून ठरवून जा. मी गेलो नव्हतो. ठाण्यातल्या एका मित्राचा हॉल, रविवारी रात्रीचे साडेदहा, दोघांना शेवटची लोकल गाठायची, ड्रॅगनचे (याला एव्हाना सगळे 'आजोबा' म्हणायला लागले होते) नव्वदेक हिट पॉइंट शिल्लक, दोन खडू मोडलेले. वीस मिनिटं वाद. शेवटी मी निकाल दिला: बॅगमधली जागा ही एक्स्ट्राडायमेन्शनल जागा आहे, प्लेन नव्हे. आत्मा तिथवर पोचेल.

सगळे हिरमुसले. मलाही वाटलं, "हो" म्हणालो असतो तर बरं झालं असतं. तेवढ्यात रोग खेळणारी मुलगी, जी पूर्ण वादात गप्प होती, म्हणाली, "बॅगला सुरीने भोक पाडलं तर?"

मी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचलं. बॅग फाटली, टोचली किंवा जास्त भरली तर ती नष्ट होते, आणि आतलं सगळं अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये विखुरतं. अ‍ॅस्ट्रल प्लेन. त्याबद्दल वाद घालायला जागाच नव्हती.

मग कोणीतरी विचारलं, आत काय काय आहे. वही काढली. अकरा हजार सोन्याच्या मोहरा. न वाचलेल्या दोन स्पेलबुक्स. फायटरच्या भावाचं शेवटचं पत्र, जे त्याने सातव्या लेव्हलपासून सांभाळलं होतं. आणि 'रिव्हिव्हिफाय'साठी (नुकत्याच मेलेल्याला उठवणारा स्पेल) घेतलेले, प्रत्येकी ३०० मोहरांचे तिन्ही हिरे. म्हणजे यापुढे या लढतीत जो मरेल तो मेलेलाच.

तिने फायटरकडे बघितलं. तो म्हणाला, "पाठ आहे मला ते पत्र." तिने सुरी काढली. मी तिला फासा टाकायला लावला नाही. मग आजोबांचा टर्न आला, श्वास रिचार्ज झाला होता, आणि तिसरा खडू अजून अख्खा होता.